ग्रंथालयाच्या दारावरची पाटी : प्रस्तावना

ज्यांचे विद्यार्थिजीवन लाकडी खणांतील सळईत ओवलेल्या तालिकापत्रांच्या सान्निध्यात गेले, त्यांना देवघेवीच्या मेजामागे बसणारा एक गृहस्थ हटकून आठवतो. तो हुद्द्याने ग्रंथपाल असो, सहायक असो वा नुसता शिपाई असो. ‘मला अमुक विषयावर काहीतरी हवे आहे’ असे चाचरत सांगणाऱ्या मुलाकडे चष्म्याच्या वरून एकवार पाहून तो उठे, दोन कपाटे ओलांडून जाई, आणि मुलाने मागायला हवे होते, पण ज्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते, असे पुस्तक त्याच्या हाती आणून ठेवी. त्याच्या या उठण्याला आणि दोन कपाटे ओलांडण्याला त्या काळी काही शास्त्रीय नाव नव्हते, आणि त्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नसे. आज त्या कृतीला ‘माहिती साक्षरता सेवा’ असे भारदस्त नाव लाभले आहे, तिच्यासाठी परिषदा भरतात, अहवालात तिला स्वतंत्र रकाना असतो. मात्र वाचक मेजापाशी येईनासा झाला आहे. तो येतो तो रात्री अकरा वाजता, इमारतीला कुलूप असताना, हातातल्या मोबाइलच्या पडद्यावरून. आणि तेथे त्याची गाठ पडते ती ग्रंथालयाच्या संकेतस्थळाशी, म्हणजे ग्रंथपालाने दारावर लावून ठेवलेल्या पाटीशी. ती पाटी काय सांगते, कोणाला उद्देशून सांगते, आणि ती वाचून वाचकाला पुढची वाट सापडते की नाही, एवढेच पाहणे हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषयाचे नाव नवे असले तरी त्यामागील कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील वुस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ साली ग्रंथपाल आणि वाचक यांच्या वैयक्तिक संबंधांवर निबंध लिहून, येणाऱ्या सामान्य माणसाला हवी ती माहिती ग्रंथांतून कशी काढावी हे सौजन्याने दाखवून देणे हा ग्रंथपालाच्या कर्तव्याचाच भाग होय, असे प्रतिपादन केले होते. ‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा मात्र ग्रंथालयाच्या घरात जन्मलेली नाही. ती १९७४ साली प्रचारात आणली पॉल झुर्कोव्स्की यांनी, आणि ते माहितीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. माहितीची साधने आपापल्या कामात वापरण्याचे शिक्षण सर्वसाधारण माणसाला मिळाले पाहिजे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे १९८९ साली अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने या संज्ञेला आज रूढ असलेला अर्थ दिला: माहितीची गरज केव्हा आहे हे ओळखता येणे, आणि ती शोधता, पारखता व परिणामकारकपणे वापरता येणे. २००० साली महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या तेथील संघटनेने पाच मानके आणि त्यांखाली बावीस निदर्शक अशी पद्धतशीर मांडणी केली. आणि २०१६ साली तीच मांडणी रद्दबातल ठरवून, संशोधन हा प्रश्नांचा पाठलाग आहे, विद्वत्ता हा अनेकांमध्ये चाललेला संवाद आहे, लेखकाचा अधिकार संदर्भाप्रमाणे ठरतो, अशा सहा मूलभूत संकल्पनांची चौकट तिच्या जागी आणली. हा फरक वरवर पाहता शब्दांचा वाटतो. पण मूल्यमापन करणाऱ्याची त्याने मोठी पंचाईत केली आहे, कारण कौशल्यांची फेहरिस्त समोर असली की बरोबरच्या खुणा करीत खाली उतरता येते, समज मोजायची म्हटली की खुणांचे काम भागत नाही.

आपल्याकडे या विचाराची बैठक परक्या मानकांहून जुनी आहे, हे अभिमानासाठी म्हणून नव्हे, तर मोजपट्टी हाताशी असावी म्हणून सांगितले पाहिजे. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त प्रसिद्ध केले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. यांपैकी चौथ्या सिद्धान्ताचे दोन-तीन शब्द संकेतस्थळाची परीक्षा करणाऱ्याने मेजावर लिहून ठेवावेत इतके ते आजच्या कामाचे आहेत. त्याही पूर्वी, १९१० साली, सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणवून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याची तजवीज केली, आणि जेथे ग्रंथालय उभे राहू शकत नव्हते अशा गावी पुस्तकांच्या पेट्या पाठवण्याचा शिरस्ता पाडला. ग्रंथालयाने वाचकाकडे चालत जावे, ही कल्पना त्या लाकडी पेटीत जशी होती तशीच ती संकेतस्थळात आहे. प्रश्न इतकाच, की पेटी गावात पोहोचल्यावर तिचे कुलूप कोणी उघडायचे.

या प्रश्नाला आज पैशाचीही बाजू आली आहे. २०२५ च्या जानेवारीपासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली केंद्र व राज्य सरकारांच्या अखत्यारीतील उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली असून त्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगे’त देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध कोणालाही वाचता येतात. दुसरीकडे, २०१८ सालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी वाङ्मयचौर्याला साम्याच्या टक्केवारीप्रमाणे शिक्षा ठरवून दिल्या आहेत, आणि पीएच.डी.च्या पूर्वतयारीत संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला आहे. म्हणजे खजिना विकत घेतला गेला, चोरीची कलमेही लिहिली गेली. खजिन्यातून न्याय्य मार्गाने काय आणि कसे घ्यावे, हे मात्र ज्या पानावर शिकवायचे ते पान कसे आहे, याची रुजुवात घालण्याचे काम कोणी अगत्याने अंगावर घेतलेले दिसत नाही.

माझ्यापुरती या कामाची सुरुवात एका संध्याकाळी झाली, ती येथे थोड्या विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांतील सारे विवेचन त्या संध्याकाळचे भाष्य आहे. पदव्युत्तर वर्गातला एक विद्यार्थी, तालुक्याच्या गावातून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला, मला म्हणाला, “सर, मार्गदर्शकांनी वीस संदर्भ आणायला सांगितलेत. जर्नलमधले पाहिजेत, पेपरातले चालत नाहीत म्हणाले.” मी त्याला त्याच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ उघडायला सांगितले, शेजारी खुर्ची घेऊन बसलो, आणि काही झाले तरी तोंड उघडायचे नाही असा मनाशी निश्चय केला. पहिल्या पानावर एका समारंभाची छायाचित्रे डावीकडून उजवीकडे सरकत होती. ती दोनदा सरकेपर्यंत तो वाट पाहत राहिला, कारण त्यांच्या मागून काहीतरी यायचे असेल असे त्याला वाटले. मग त्याने इंग्रजीत लिहिलेल्या नावांच्या ओळीतून ‘ई-रिसोर्सेस’ निवडले. तेथे प्रकाशकांच्या बोधचिन्हांचा तक्ता होता. त्याच्या विषयाचे नाव त्या तक्त्यात कोठेही नव्हते, आणि जी नावे होती त्यांपैकी एकही त्याने पूर्वी ऐकलेले नव्हते. तेव्हा त्याने वर्णानुक्रमाने पहिले आले त्यावर बोट ठेवले. परवलीचा शब्द मागण्यात आला. तो मिळवण्याचा अर्ज दुसऱ्या पानावर होता, छापून, भरून, विभागप्रमुखांची सही घेऊन जमा करायचा होता. नवव्या मिनिटाला त्याने ती खिडकी न मिटता शेजारी दुसरी उघडली आणि गूगलवर आपला विषय मराठीत टाकला.

नंतर मी तेच संकेतस्थळ एकट्याने सावकाश चाळले. ‘उपक्रम’ या सदरात वाचक उद्बोधन कार्यशाळेचा वृत्तांत होता: दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, उपस्थितांची संख्या, आभारप्रदर्शन. कार्यशाळेत शिकवले काय, याविषयी त्यात एकही वाक्य नव्हते. आणि ‘डाउनलोड्स’ या सदरात, रजेच्या अर्जाचा नमुना आणि ना-हरकत दाखल्याचा मसुदा यांच्या मध्ये, त्याच कार्यशाळेत दाखवलेल्या पारदर्शिकांची फाइल होती. आपल्या विषयावरचे लेख कसे शोधावेत, ते तिच्यात उत्तम रीतीने, उदाहरणे देऊन, सांगितलेले होते. दुसऱ्या दिवशी ती फाइल मी त्या मुलाला दाखवली. ती वाचून झाल्यावर त्याने विचारले, “हे इथंच होतं?”

त्याच्या त्या प्रश्नाचा मी पुढे पुष्कळ विचार केला, आणि ज्या निष्कर्षाशी येऊन थांबलो तो असा, की ते संकेतस्थळ निष्काळजीपणाने केलेले नव्हते. ते फार काळजीपूर्वक, पण दुसऱ्याच कोणासाठी केलेले होते. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली नॅक, हिच्या समितीपुढे पुरावा म्हणून दाखवता यावे अशा बेताने त्यातील प्रत्येक पान रचलेले होते. समितीला कार्यशाळा झाल्याचा दाखला हवा असतो, म्हणून वृत्तांत ठळक जागी. विद्यार्थ्याला कार्यशाळेतील विद्या हवी असते, म्हणून ती अडगळीत. पाटी दारावर होती, परंतु तिचे तोंड रस्त्याकडे नसून तपासनिसाच्या खुर्चीकडे होते. ग्रंथालयाने आपल्या सेवेची जाहिरात करणे आणि ती सेवा त्याच जागी देणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि मूल्यमापनाच्या प्रचलित पद्धतींत त्यांची गल्लत होते, हेच या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे.

ही गल्लत का होते, हे समजण्यासाठी त्या पद्धतींकडे क्षणभर पाहिले पाहिजे. सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत अधिक चालणारी पद्धत यादीची: अमुक दुवा आहे काय, शिकवणीचा व्हिडिओ आहे काय, ‘ग्रंथपालाला विचारा’ अशी सोय आहे काय, असेल तेथे एक, नसेल तेथे शून्य, आणि शेवटी बेरीज. या पद्धतीला मी तुच्छ लेखत नाही. पन्नास संकेतस्थळांची एकमेकांशी तुलना करायची तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु वर सांगितलेल्या संकेतस्थळाला या बेरजेत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण पडले असते. दुसरी पद्धत तज्ज्ञाच्या नजरेची. जेकब नील्सन यांनी १९९४ च्या सुमारास सिद्ध केलेले दहा निकष तिच्यात सर्वत्र वापरले जातात, आणि त्यांतील एक, यंत्राने वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावे हा, आपल्या प्रकरणी शब्दशः खरा ठरतो. तिसरी पद्धत ती, जी त्या संध्याकाळी मी अजाणतेपणी अवलंबिली: खरा वाचक, खरे काम, आणि शेजारी बसून मौन पाळणारा परीक्षक. हिला वेळ लागतो, हिच्यातून मोठे आकडे निघत नाहीत. पण पाच जणांना असे बसवले तरी पाटीच्या तोंडाची दिशा कळून चुकते.

या तिन्हींचा मेळ घालण्यासाठी पुढील प्रकरणांत पाच साधे प्रश्न योजले आहेत: सेवा आहे काय, सापडते काय, समजते काय, शिकवते काय, आणि टिकते काय. पहिल्याचे उत्तर यादी देते. दुसऱ्याचे उत्तर घड्याळ देते, आणि तेथे रंगनाथनांचा चौथा सिद्धान्त मिनिटांत मोजता येतो. पाचव्याचे उत्तर पानाच्या तळाशी असलेली तारीख आणि मेलेले दुवे देतात. मधले दोन प्रश्न अवघड आहेत, आणि विषयाचा गाभा त्यांतच आहे.

समजण्याचा प्रश्न प्रथम भाषेचा. इंग्रजी हीच ज्यांची भाषा, अशा अमेरिकी विद्यार्थ्यांनाही ग्रंथालयांची परिभाषा कळत नाही, हे जॉन कुपरस्मिथ यांनी अनेक ग्रंथालयांत झालेल्या चाचण्या एकत्र करून दाखवून दिले आहे. आद्याक्षरांची नावे, ‘डेटाबेस’, ‘रिसोर्स’, ‘इंटरलायब्ररी लोन’ हे शब्द तेथेही अडखळवतात, आणि ‘पुस्तके शोधा’, ‘लेख शोधा’ अशी क्रियापदे वाट दाखवतात. मग मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची कथा काय सांगावी! परंतु यावर उपाय म्हणून ‘ओपॅक’च्या जागी ‘संगणकीकृत सार्वजनिक अभिगम तालिका’ असे लिहिल्याने त्याचे संकट कमी होत नाही. त्याला एका किल्ल्यातून काढून दुसऱ्या किल्ल्यात कोंडल्यासारखे होते. ‘पुस्तक ग्रंथालयात आहे का ते पाहा’ हे लांबलचक वाक्य त्या दोहोंहून सरस आहे.

याहून खोल अडचण मराठीत संशोधन करणाऱ्याची आहे, आणि तिच्याविषयी माहिती साक्षरतेची परदेशी मानके काहीच बोलू शकत नाहीत. केतकरांचा ज्ञानकोश एखाद्या संगणकीय तालिकेत रोमन लिपीतून शोधायचा तर त्यातील ‘ज्ञान’ हा शब्द कोठे ‘डी’ने सुरू होतो, कोठे ‘जे’ने, तर कोठे ‘जी’ने, आणि नोंद करणाऱ्याने त्या दिवशी कोणते अक्षर निवडले ते वाचकाला अंतर्ज्ञानानेच ओळखावे लागते. नोंद देवनागरीत असली तरी १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे ग्रंथनाम अनुस्वारांसह नोंदलेले असेल, तर ‘कां’ ऐवजी ‘का’ लिहून शोधणाऱ्याला ग्रंथ नाहीच असे उत्तर मिळते, आणि तो मुकाट्याने परत जातो. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची १९४४ साली प्रसिद्ध केली, ती पाहिल्याशिवाय एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांचा शोध सुरूच करू नये, हे सांगणारी एक ओळ, आणि वरील अक्षरांच्या घोळाविषयी चार ओळी, एवढे जरी एखाद्या ग्रंथालयाच्या पानावर असले, तरी मी त्याला मानकांच्या साऱ्या भाषांतरांहून अधिक गुण देईन.

शिकवण्याचा प्रश्न याहूनही नाजूक. विश्वसनीय लिखाण ओळखण्यासाठी ते पान बारकाईने वाचा, कर्त्याचे नाव पाहा, तारीख पाहा, संस्थेचे चिन्ह पाहा, असा उपदेश बहुतेक ग्रंथालये करतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपरीक्षक आणि २५ विद्यार्थी यांना अपरिचित संकेतस्थळांसमोर बसवले, तेव्हा असे दिसले की विद्यार्थी, आणि विद्वान इतिहासकारदेखील, पानावरच रेंगाळून नावाच्या व चिन्हाच्या रुबाबाला भुलत होते, तर तथ्यपरीक्षक ते पान जवळजवळ न वाचताच सोडून, इतर लोक त्या संस्थेविषयी काय म्हणतात ते पाहायला बाहेर पडत होते. आपल्याकडे मुलीचे स्थळ पाहताना शहाणी माणसे हेच करतात. घरच्यांनी केलेल्या वर्णनावर विसंबत नाहीत, शेजारी विचारतात. आज यंत्राने रचलेले, नियतकालिकाचे नाव व खंडक्रमांक यांसह सजलेले, परंतु अस्तित्वातच नसलेले संदर्भ घेऊन विद्यार्थी ग्रंथालयात येऊ लागले असताना, हा शेजारी विचारण्याचा पाठ जे पान शिकवीत नाही, ते सुंदर असले तरी शिळे आहे.

येथे कोणी म्हणेल, की ज्याला अडेल तो ग्रंथपालाला येऊन विचारील. कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातील आपल्या पहिल्या अनुभवाचे वर्णन भीतीच्या शब्दांत केले होते. इतरांना हे येते, मला एकट्यालाच येत नाही, आणि विचारले तर माझे अज्ञान उघडे पडेल, अशी ती भीती. विचारायला लाजणाऱ्याचा एकमेव ग्रंथपाल म्हणजे रात्री उघडलेले ते पान होय, आणि म्हणूनच त्या पानाची परीक्षा हा कारकुनी जमाखर्च मानून चालणार नाही.

ही परीक्षा करताना ग्रंथपालाची कैफियत ऐकून घेणे मला न्यायाचे वाटते. संकेतस्थळ पुष्कळदा त्याच्या ताब्यातच नसते. एक ओळ बदलायची तर संगणक विभागाकडे पत्र द्यावे लागते, आणि ते पत्र बारनिशीत चढून उतरेपर्यंत सत्र संपते. मंजूर जागा रिकाम्या, आणि जे हजर त्यांच्यावर दुप्पट भार. जी वरिष्ठ समिती वृत्तांत आणि छायाचित्रे मागते, तिने विद्यार्थ्याची नऊ मिनिटे मागितली असती तर ग्रंथपालाने तीही दिली असती. म्हणून या पुस्तकात कोणत्याही ग्रंथालयाला क्रमांक दिलेला नाही, आणि कोणाचा पाणउतारा करण्याचा हेतू नाही. ज्या ग्रंथपालांनी आपापली पाने माझ्यापुढे मोकळेपणाने उघडी केली, स्वतःच्याच वाचकाशेजारी गप्प बसण्याची शिक्षा सोसली, आणि नंतर कित्येकदा स्वतःवरच हसले, त्यांचे ऋण मोठे आहे.

त्या मुलाने यथावकाश आपले वीस संदर्भ जमवले. मध्यंतरी मी ते संकेतस्थळ पुन्हा उघडले, तेव्हा ‘डाउनलोड्स’मधील ती फाइल अजून रजेच्या अर्जाशेजारीच होती, मात्र पहिल्या पानावर, सरकत्या छायाचित्रांच्या खाली, कोणीतरी मराठीत एक ओळ घातली होती: ‘प्रबंधासाठी लेख शोधायचे आहेत? येथून सुरुवात करा.’ ती ओळ कोणी घातली याची चौकशी मी केली नाही. देवघेवीच्या मेजामागून कोणीतरी उठले होते, एवढे मला पुरे होते.